बर्डीवरचं बिनपाटीचं दुकान, जिथे आधी अनुवादकाचं नाव विचारतात

परदेशी कादंबऱ्या वाचणाऱ्या, आणि त्यातही त्यांचे मराठी अनुवाद करणाऱ्या कुणालाही मी नागपुरातलं एकच दुकान सांगते, ते म्हणजे बर्डीवरचं हे जुन्या पुस्तकांचं दुकान. नाव सांगता येत नाही कारण दुकानाला पाटीच नाहीये, बिलाच्या चिठ्ठीवरही नाव नसतं, येणारे-जाणारे सगळे नुसतं "काकांचं दुकान" म्हणतात. मेट्रोच्या सीताबर्डी इंटरचेंजला उतरायचं, मेन रोडला लागायचं, मोदी नंबर एक, दोन, तीन अशा नावांच्या गल्ल्या आहेत त्यांपैकी एकीत शिरायचं, मोबाईल कव्हरवाले आणि टिकल्या-बांगड्यांच्या गाड्या संपल्या की उजव्या हाताला एक अरुंद जिना लागतो, त्या जिन्याने वर पहिला मजला. गाडी घेऊन जाऊ नका, बर्डीवर पार्किंगचे काय हाल आहेत ते नागपूरच्या माणसाला मी काय सांगणार.

तुम्ही आत जाऊन म्हणालात की काका, काफ्का आहे का, तर ते म्हणणार, "आहे ना ताई, पण कोणी केलेला पाहिजे?" पहिल्यांदा येणारा माणूस इथे अडतो. काफ्का म्हणजे काफ्का, त्यात कोणी केलेला काय? पण काफ्का जर्मनमध्ये लिहायचा, आपल्या हातात जे असतं ते दुसऱ्याच कुणीतरी लिहिलेलं इंग्रजी असतं, आणि ते कुणी लिहिलं, कोणत्या साली लिहिलं, कोणत्या जर्मन प्रतीवरून लिहिलं हे माहीत नसेल तर आपण नेमकं काय वाचलं हेच आपल्याला माहीत नसतं. हा प्रश्न मला आजवर कुठल्याही मोठ्या, एसी लावलेल्या, कॉफी विकणाऱ्या पुस्तकांच्या दुकानात कुणी विचारलेला नाही. ऑनलाइन घ्यायला जावं तर तिथे वेगवेगळ्या अनुवादांचे रिव्ह्यू एकाच पुस्तकाखाली गोळा केलेले सापडतात, एकाने एका अनुवादाला पाच स्टार दिलेले असतात आणि घरी येतो तो भलताच.

माझ्यासाठी हा हौसेचा मामला नाही. मी मराठीत अनुवाद करते आणि जास्त करून अशा पुस्तकांचे जी मुळात इंग्रजी नाहीतच, रशियन, फ्रेंच, जर्मन, जपानी. फ्रेंच मला कामापुरतं येतं, बाकीच्या भाषांसाठी इंग्रजीचाच आधार. मराठीत आलेलं परदेशी साहित्य बघितलं तर त्यातलं पुष्कळ याच वाटेनं आलंय, त्यात लाजण्यासारखं काही नाही, वाट लांबची असली तरी माणसं पोचलीत. पण मधल्या मुक्कामावर कोण बसलंय हे तरी कळायला हवं की नको? कित्येक मराठी अनुवादांत लेखकाचं नाव असतं, मराठी अनुवादकाचं असतं, आणि ज्याच्या इंग्रजीवर ही सगळी इमारत उभी आहे त्याचं नाव कुठल्याच पानावर नसतं. मला हे मनापासून खटकतं. म्हणून हे दुकान मला एवढं महत्त्वाचं वाटतं, आणि म्हणून इतका लांबलचक रिव्ह्यू लिहायला घेतलाय.

आता मांडणी सांगते. रॅक भाषेप्रमाणे लावलेत, रशियन वेगळं, फ्रेंच वेगळं, जर्मन, स्पॅनिश-पोर्तुगीज, जपानी, मग बाकीचं सगळं एकत्र. त्याच्या आत लेखक, आणि लेखकाच्या आत अनुवाद ज्या साली आला त्या क्रमाने. प्रत्येक पुस्तकात एक कागदाची पट्टी, तिच्यावर पेन्सिलने देवनागरीत लेखक, मूळ पुस्तकाचं साल, अनुवादक, अनुवादाचं साल. काका पूर्वी बाइंडिंगच्या कामात होते, शिलाई, खळ, कापडी पट्टी, पुठ्ठा सगळं स्वतः करतात. त्यांचं म्हणणं असं की जुन्या पुस्तकाचं सगळ्यात आधी काय जात असेल तर टायटलचं पान आणि त्याच्या मागचं पान, आणि नेमकी अनुवादकाची माहिती तिथेच छापलेली असते. "ताई, पान गेलं म्हणजे तो माणूस गेला," असं ते एकदा बोलले. ती दोन पानं जागेवर असल्याशिवाय पुस्तक रॅकवर चढत नाही. नसतील तर ते दाराजवळच्या खोक्यात, खोक्यावर मार्करने लिहिलंय "अनुवादक माहीत नाही", काहीही उचला 30 रुपये. त्या खोक्यातसुद्धा चांगली पुस्तकं असतात, नुसतं वाचायला पाहिजे असेल तर जरूर घ्या, पण त्यावरून काम करू नका.

रशियन रॅक हा दुकानाचा जीव आहे. दोस्तोयेव्हस्कीची ब्रदर्स कारामाझोव्ह मला तिथे तीन जणांच्या हातची एकाच फळीवर मिळाली, कॉन्स्टन्स गार्नेटची 1912 ची, डेव्हिड मॅगरशॅकची पेंग्विनवाली 1958 ची आणि पेव्हिअर-वोलोखोन्स्की या नवरा-बायकोची 1990 ची. काकांनी स्टूल दिलं, खिडकीपाशी एक लांब टेबल आहे तिथे तिन्ही उघडून मी एकच प्रकरण तिन्हींत वाचलं आणि दुपार कशी गेली ते कळलं नाही. गार्नेटबाईंनी रशियनमधून सत्तरच्या आसपास पुस्तकं इंग्रजीत आणली, हेमिंग्वेसारखा लेखक रशियन साहित्य शिकला तो त्यांच्याच इंग्रजीतून, कादंबरीकार डी. एच. लॉरेन्सने त्यांना काम करताना पाहिलं होतं, लिहून झालेलं पान न बघता बाजूला जमिनीवर टाकायच्या आणि ढीग वाढत जायचा असं त्याने सांगून ठेवलंय. त्यांच्यावर टीकाही भरपूर झाली, मूळ रशियन असलेला कादंबरीकार नाबोकोव्ह, त्याला त्या अजिबात पसंत नव्हत्या, आणि रशियन कवी ब्रॉडस्कीचं म्हणणं होतं की इंग्रजी वाचकाला टॉलस्टॉय आणि दोस्तोयेव्हस्की यांच्यातला फरक कळत नाही कारण तो दोघांनाही वाचतच नाही, गार्नेटला वाचतो.

टेबलावर तिन्ही शेजारी ठेवल्यावर ही टीका नेमकी कुठे लागू पडते ते दिसतं. कारामाझोव्हची गोष्ट सांगणारा माणूस त्या गावातलाच एक आहे, तो अडखळतो, तेच तेच परत बोलतो, एक सांगता सांगता म्हणतो की खरं म्हणजे मला नक्की माहीत नाही, आणि मग सगळं सांगतोच. गार्नेटबाई त्याला नीट भांग पाडून आणतात, वाक्यं सरळ होतात, वाचायला छान, पण तो माणूस थोडा हरवतो. 1990 च्या अनुवादात तो अडखळणारा माणूस तसाच्या तसा येतो, इंग्रजी वाचकाला ते कधीकधी खडबडीत लागतं आणि त्यावरून तिकडे बरेच वादही झालेत. पण मराठीला तो माणूस परका नाहीच ना, पारावर बसून दुसऱ्याच्या घरातली भानगड सांगणारा आपल्याकडे गावोगावी आहे, त्याचा आवाज मराठीत तयार आहे. माझं मत असं झालं की मराठीत आणताना हा खडबडीत अनुवाद समोर ठेवावा आणि अर्थ अडला की गार्नेटकडे जावं, त्या अर्थ फार मोकळा करून ठेवतात. मॅगरशॅक दोन्हींच्या मधला, संवाद त्याचे सगळ्यात जिवंत, मोठ्याने वाचून बघा. हे मत मला घरी बसून, एकच कॉपी हातात घेऊन, कधीच झालं नसतं.

आणि गार्नेटच्या पिवळ्या पडलेल्या कॉप्यांना अजून एका कारणाने किंमत आहे जी नवीन अनुवादकांनी नीट समजून घ्यावी. आपल्याकडे कॉपीराइट लेखक गेल्यानंतर 60 वर्षं चालतो, मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून मोजायचं. पण अनुवादाचा कॉपीराइट वेगळा, तो अनुवादकाच्या आयुष्याप्रमाणे. गार्नेटबाई 1946 मध्ये गेल्या, म्हणजे 2007 पासून त्यांचं इंग्रजी आपल्याकडे मोकळं, त्यावरून कुणीही मराठी करू शकतो, कुणाला विचारायला नको. टॉलस्टॉयच्या वॉर अँड पीसचे अनुवादक मॉड पती-पत्नी, ज्यांची टॉलस्टॉयशी प्रत्यक्ष ओळख होती, तेही दोघं 1930 च्या दशकातच गेले, तेही मोकळे. पण फ्रेंच लेखक कामू बघा. कामू 1960 च्या जानेवारीत अपघातात गेला, त्याचं फ्रेंच भारतात 2021 पासून मोकळं झालं, आणि त्यानंतर कितीतरी जणांना वाटायला लागलं की आता त्याची 'परका' माणसाची ती छोटी कादंबरी, इंग्रजीत द स्ट्रेंजर, कशीही करता येते. मूळ फ्रेंचवरून करता येते, हो. पण तिचा 1946 चा इंग्रजी अनुवाद स्टुअर्ट गिल्बर्टचा आणि गिल्बर्ट गेला 1969 मध्ये, म्हणजे त्याचं इंग्रजी 2029 संपेपर्यंत बांधलेलंच, 1988 चा मॅथ्यू वॉर्डचा तर त्याहून पुढे. इंग्रजीवरून मराठी करायचं असेल तर त्यांच्या हक्कदारांची परवानगी लागते. हे सगळं काकांना तोंडपाठ आहे असं नाही, पण पट्टीवर साल लिहिलेलं असतं म्हणून निदान प्रश्न डोक्यात येतो, बाकी शोध आपण घ्यायचा.

काफ्काची द ट्रायलसुद्धा तिथे दोन हातांची मिळाली. विला आणि एडविन म्युर यांची 1937 ची, ज्यांच्यामुळे इंग्रजी जगाला आणि पर्यायाने आपल्यालाही काफ्का माहीत झाला, आणि ब्रिऑन मिचेलची 1998 ची. म्युर दांपत्यासमोर जी जर्मन प्रत होती ती काफ्काचा मित्र मॅक्स ब्रोडने लावून दिलेली. काफ्का पुस्तक पुरं न करता 1924 मध्ये गेला, प्रकरणं सुटी पडलेली होती, क्रम ब्रोडने ठरवला आणि विरामचिन्हंही ठाकठीक केली. पुढे 1990 मध्ये माल्कम पॅस्लीने हस्तलिखितावरून चिकित्सक आवृत्ती काढली तेव्हा काफ्काची लांब लांब, स्वल्पविरामांवर चालत राहणारी वाक्यं परत जागेवर आली, आणि मिचेलने त्या आवृत्तीवरून अनुवाद केला. आता मराठीत काफ्का करणाऱ्याने ही गोष्ट माहीत नसताना म्युरच्या कॉपीवरून छोटी छोटी वाक्यं केली तर तो काफ्काला नाही, ब्रोड आणि म्युर यांच्या समजुतीला मराठीत आणतोय. मराठी तर लांब वाक्य आरामात पेलते, आपण बोलतोच तसं, एक गोष्ट दुसरीला लावून, मध्येच वळून. तिथे बसून दोन्ही कॉप्यांतलं पहिलं प्रकरण वाचताना मला वाटलं की काफ्का इंग्रजीपेक्षा मराठीत जास्त सुखी राहील. हे मी अगदी खरं मनातलं लिहितेय.

फ्रेंच रॅकवरचं एक उदाहरण दिल्याशिवाय राहवत नाही. सिमोन द बोव्हुआरचं द सेकंड सेक्स, मूळ 1949 चं, याचा पहिला इंग्रजी अनुवाद 1953 मध्ये एच. एम. पार्शली या गृहस्थांनी केला. ते प्राणिशास्त्राचे प्राध्यापक. प्रकाशकाला पुस्तक छोटं पाहिजे होतं म्हणून त्यात काटछाट झाली, थोडीथोडकी नाही, दहा टक्क्यांहून जास्त मजकूर गेला, इतिहासातल्या कितीतरी बायकांचे उल्लेख गेले, तत्त्वज्ञानातल्या संज्ञा भलत्याच अर्थाने आल्या. पूर्ण अनुवाद यायला 2009 साल उजाडलं, कॉन्स्टन्स बोर्ड आणि शीला मालोव्हानी-शेव्हालिए या दोघींचा. म्हणजे पन्नासहून जास्त वर्षं इंग्रजीतून वाचणाऱ्या सगळ्या जगाने, त्यात आपल्या आया-मावश्या आल्या, आपण कॉलेजात वाचलं ते आलं, बायकांवरचं हे पुस्तक एका पुरुषाने कापलेल्या रूपात वाचलं. दुकानात दोन्ही शेजारी शेजारी आहेत आणि जाडीतला फरक नुसता हातात घेऊन कळतो. काकांनी पार्शलीच्या पट्टीवर लाल पेन्सिलने "कापलेलं" असं लिहून ठेवलंय. मला त्या एका लाल शब्दासाठी त्यांचे पाय धरावेसे वाटले.

आणि हे फक्त आपल्यासारख्या भाषांचं दुखणं आहे असं समजू नका. मुराकामीची एक कादंबरी जर्मनीत आली, 2000 साली तिथल्या टीव्हीवरच्या पुस्तकांच्या प्रोग्रॅममध्ये तिच्यावरून जोरदार भांडण झालं, आणि त्यातून सगळ्यांना कळलं की तो जर्मन अनुवाद जपानीवरून नाही तर इंग्रजीवरून केलेला आहे. पुढे 2013 मध्ये उर्सुला ग्रेफे यांनी तीच कादंबरी थेट जपानीवरून परत जर्मनमध्ये केली. एवढी मोठी भाषा, एवढे पैसे, एवढे जपानी शिकलेले लोक, आणि तरी. त्याच लेखकाच्या विंड-अप बर्ड क्रॉनिकलच्या 1997 च्या इंग्रजी आवृत्तीत अमेरिकन प्रकाशकाच्या लांबीच्या मर्यादेमुळे अनुवादक जे (Jay) रुबिन यांना काही भाग गाळावे लागले, हे त्यांनी लपवलं नाही. प्रश्न इंग्रजीचा आधार घेण्याचा नाहीये, तो कुणाला सांगायचाच नाही याचा आहे.

मराठी कोपरा छोटा आहे पण त्यात एक खजिना आहे, सोव्हिएत पुस्तकं. मॉस्कोच्या प्रगती आणि रादुगा प्रकाशनाची मराठी पुस्तकं, जाड कागद, भक्कम शिलाई, सुंदर चित्रं. माझ्या वयाच्या बऱ्याच जणांनी लहानपणी रशियन गोष्टी वाचल्या त्या याच, तेव्हा अगदी स्वस्तात मिळायच्या, 1991 मध्ये सोव्हिएत युनियन गेलं आणि ती येणं बंद झालं. त्यातली कित्येक थेट रशियनवरून मराठीत आलेली आहेत, मधे इंग्रजी नाहीच, मराठी माणसं मॉस्कोत राहून हे काम करत होती. इंग्रजीवरून केलेल्या मराठीशेजारी ती ठेवून वाचा, नावं, थंडी, जेवणखाण, सगळंच कसं वेगळ्या पायावर उभं असतं ते लक्षात येईल. काका यांचे भाव मात्र चढे लावतात, लहान मुलांच्या चित्रांच्या पुस्तकाला 400 च्या खाली बोलत नाहीत. मला पटत नाही पण लोक घेऊन राहिलेत त्यामुळे काय बोलणार.

हा सगळा माल नागपुरात कुठून येतो असं पुण्या-मुंबईचे मित्र विचारतात, जसं काही इथे संत्र्यांशिवाय काही पिकतच नाही. 1956 पर्यंत नागपूर ही मध्य प्रांताची आणि नंतरच्या मध्य प्रदेशाची राजधानी होती, हायकोर्ट, सेक्रेटरिएट, रेल्वेची मोठमोठी ऑफिसं, हिस्लॉप आणि मॉरिस ही एकोणिसाव्या शतकातली कॉलेजं. त्यामुळे वकील, प्राध्यापक, बंगाली आणि तामिळ रेल्वेवाले, सगळ्यांच्या घरी इंग्रजी पुस्तकांची कपाटं होती. आता धंतोली, रामदासपेठ, धरमपेठेतले जुने बंगले पाडून फ्लॅट स्कीम येतायत, मुलं बंगलोरला नाहीतर अमेरिकेत, आणि कपाट रद्दीवाल्याकडे. काकांचे चार-पाच रद्दीवाले ठरलेले आहेत, वजनाच्या दराच्या वर पैसे देऊन ते पुस्तकं वेगळी काढून घेतात. हे तेच शहर आहे जिथे गजानन माधव मुक्तिबोध हिंदीत आणि त्यांचे सख्खे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत कविता लिहीत होते, एका घरात दोन भाषा इथे नवलाची गोष्ट नाही. आणि दीक्षाभूमी विसरू नका. 14 ऑक्टोबर 1956 च्या त्या दिवसाच्या आठवणीत दरवर्षी लाखो माणसं येतात आणि जाताना पुस्तकं घेऊन जातात, तिथल्या स्टॉलवर मी खेड्यातून आलेल्या आजींना नातवासाठी पुस्तक निवडताना पाहिलंय. अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून 1972 मध्ये आपल्याकडे दलित पँथर हे नाव आलं, ते काही हवेतून नाही आलं, वाचणारी माणसं होती म्हणून आलं. काका त्या स्टॉलवरूनही माल उचलतात, म्हणून त्यांच्याकडे आफ्रिकन-अमेरिकन लेखकांची एक वेगळी फळी आहे आणि ती चांगली भरलेली असते.

उलट्या दिशेची पण एक फळी आहे, मराठीतून इंग्रजीत गेलेली पुस्तकं, दिलीप चित्र्यांचा तुकाराम, जेरी पिंटोंनी केलेलं बलुतं. ज्यांना अनुवाद शिकायचाय त्यांना मी हीच फळी आधी सांगते, कारण इथे मूळ पुस्तक आपल्याला पाठ असतं आणि अनुवादकाने कुठे काय सोडलं, कुठे काय कमावलं हे आपल्याला सरळ दिसतं. काका या फळीवर मूळ मराठी पुस्तक शेजारी ठेवायचा प्रयत्न करतात, मिळालं तर.

आता तक्रारी, कारण नुसतं कौतुक केलं तर रिव्ह्यू कसला. पहिलं म्हणजे ऊन. एप्रिल-मेमध्ये नागपूर 45 च्या वर जातं आणि दुकान पत्र्याखाली आहे, कूलर एकच, तोही काउंटरकडे तोंड करून. टेबलापाशी बसवत नाही. उन्हाळ्यात दुपारी 1 ते 5 बंदच असतं, ते योग्यच आहे म्हणा. दुसरं, यादी नाही. कॉम्प्युटर नाही, रजिस्टर नाही, सगळं काकांच्या डोक्यात. त्यांचा भाचा शनिवारी असतो, त्याला काही माहीत नाही, पट्ट्या वाचून दाखवतो. एवढ्या मेहनतीने लिहिलेल्या पट्ट्या कुणीतरी बसून उतरवून काढल्या पाहिजेत, कॉलेजच्या मुलांना हे काम आवडेल, मी दोघा-तिघांना बोललेही आहे. तिसरं, कविता. कवितांचे अनुवाद सुतळीने बांधून वरच्या माळ्यावर टाकलेत, "कविता कोणी नेत नाही ताई" म्हणून. अहो मांडलीच नाही तर कोण नेणार? चौथं, जपानी रॅकवर मुराकामी सोडला तर थोडंच आहे, चिनी, कोरियन, अरबी तर नावालाच, आणि बायकांनी लिहिलेलं एकूणच कमी. जुन्या कपाटांतून जे येणार तेच इथे असणार हे कळतं, पण काका मुद्दाम शोधतील तर मिळेल. आणि तो जिना. गुडघे दुखणाऱ्यांनी खालून हाक मारावी, काका पुस्तक घेऊन खाली येतात, त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही.

भाव एकदम रास्त. साधी पेपरबॅक 80 ते 150, पुठ्ठा बांधणीची 200 ते 350, दुर्मीळ असेल तर बोलून. घासाघीस करू नका, ते चिडतात, आणि खरं सांगायचं तर करायची गरजही पडत नाही. वाचून दोन महिन्यांत परत दिलं तर अर्धे पैसे मिळतात, अट एकच, पट्टी आतच पाहिजे. कार्ड चालत नाही, यूपीआय चालतं. एखादा ठरावीक अनुवाद हवा असेल तर लेखक, अनुवादक आणि साल चिठ्ठीवर लिहून द्या, सापडला की फोन येतो. माझ्या एका चिठ्ठीला वर्ष उलटून गेल्यावर फोन आला होता, मी स्वतः विसरले होते, ते नव्हते विसरले. टेबलावर बसून वाचायचे पैसे नाहीत, पण मोबाईलने पानंच्या पानं फोटो काढायला सक्त मनाई आहे, आणि मला हे अगदी बरोबर वाटतं.

इंटरनॅशनल बुकर हा पुरस्कार 2016 पासून दरवर्षी इंग्रजीत अनुवाद झालेल्या एकेका पुस्तकाला देतात आणि 50,000 पौंडांची रक्कम लेखक आणि अनुवादकात अर्धी-अर्धी वाटतात, 2022 मध्ये गीतांजली श्री यांच्याबरोबर डेझी रॉकवेलला मिळाली, 2025 मध्ये बानू मुश्ताक यांच्याबरोबर दीपा भास्ती यांना. ती बातमी आली तेव्हा काकांनी पेपरचं कात्रण काउंटरच्या काचेखाली लावलं, अजून तिथेच आहे. आपल्याकडच्या प्रकाशकांना माझी एवढीच विनंती आहे की मराठी अनुवादकाचं नाव कव्हरवर टाका, आणि ज्या इंग्रजीवरून केलं त्याच्या अनुवादकाचं नाव निदान आतल्या पानावर टाका. एक ओळ लागते. ती छापायला पैसे लागत नाहीत.

कोणी जावं? मराठी किंवा इंग्रजी साहित्य शिकणाऱ्या पोरापोरींनी नक्की, नवीन अनुवादकांनी तर जावंच जावं, आणि ज्यांना नुसतं वाचायचंय त्यांनीही, कारण वाचकाने विचारायला सुरुवात केली की मग दुकानदार आणि प्रकाशकही विचारतील. विदर्भ साहित्य संघात कार्यक्रमाला झाशी राणी चौकात येताच ना तुम्ही, तिथून चालत येता येतं. संध्याकाळी 5 ते 9 नक्की उघडं असतं, सोमवारी बंद. ज्यांच्या घरी आजोबांचं कपाट पडून आहे त्यांनी रद्दीवाल्याला द्यायच्या आधी काकांना एक फोटो पाठवा, नंबर काउंटरवर मिळेल. आणि सध्या मॉड दांपत्याच्या वॉर अँड पीसचे तिन्ही खंड तिथे आहेत, निळ्या कापडी बांधणीत, टायटलची पानं शाबूत, तिन्हींचे मिळून 450 सांगतायत. माझ्याकडे आधीच आहेत, नाहीतर मीच उचलले असते.